नव्या आलेखातील कडा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या वार्षिक मेळाव्याच्या व्यासपीठावरून आजवर ज्ञातीचा इतिहास, विवाहातील अनावश्यक खर्च, विद्यार्थी-साहाय्य निधी अशा विषयांवर अनेक जाणकारांची व्याख्याने झाली. त्या मालिकेत संगणकाच्या एका आज्ञावलीस नव्या आवृत्त्यांत कोणत्या सोयी लाभल्या, हा विषय घेऊन आम्ही उभे राहावे हे काहीसे विपरीत वाटेल. सकाळी फराळाच्या वेळी एका वडीलधाऱ्या भगिनींनी आम्हांस सरळच विचारले, "अहो, त्यात आम्ही ऐकायचं काय?" प्रश्न रास्त आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या वधू-वर सूचीतील 'व्यवसाय' ह्या रकान्यात एक शब्द वारंवार येऊ लागला आहे, तो म्हणजे 'क्वालिटी'. मुलगा चाकणला क्वालिटीत आहे, मुलगी तळवड्याला क्वालिटीत आहे. ह्या क्वालिटीत असणे म्हणजे दिवसाकाठी शेकडो मापे घेणे, ती संगणकात भरणे आणि महिनाअखेर त्यांचे आलेख काढून वर पाठविणे. ज्या साधनावर आपल्या एवढ्या लेकरांची भाकरी अवलंबून आहे ते साधन बदलते तेव्हा काय घडते, हे घरच्या माणसांसही ठाऊक असावे, म्हणून हा प्रपंच.

आम्ही संख्याशास्त्राचे पंडित नव्हे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक लहानसा कारखाना आहे. तेथे पोलादी शाफ्ट ग्राइंडिंग करून ते चाकणच्या मोठ्या कारखान्यांस पुरविले जातात. आपली घराणी सूत, गुण्या आणि ओळंबा ह्यांवर वाढलेली. आमच्या आजोबांना एक सूत म्हणजे किती हे पट्टी न लावता सांगता येई. आम्हांस मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागाचा हिशेब ठेवावा लागतो, आणि तो डोळ्यांनी ठेवता येत नाही. म्हणून आकडे, आणि आकडे समजावेत म्हणून आलेख.

ह्या आलेखांची विद्या फार जुनी नाही. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शूहार्ट ह्यांनी १९२४ सालच्या मे महिन्यात आपल्या वरिष्ठांस एक पानभर टिपण लिहिले आणि त्यात नियंत्रण-आलेखाची पहिली आकृती काढून दाखविली. यंत्राच्या कामात जी नित्याची चढउतार असते ती कोणती, आणि काही बिघडल्यामुळे आलेली कोणती, हे दोन रेषांच्या साहाय्याने ओळखण्याची ती युक्ती होय. प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने हेच शूहार्ट १९४७-४८ साली भारतात येऊन गेले. पुण्यात १९५३ साली विद्यापीठात वसंत शंकर हुजूरबाजार ह्यांच्या नेतृत्वाखाली संख्याशास्त्राचा विभाग सुरू झाला, आणि १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर चिंचवड, आकुर्डी, भोसरी ह्या गावांची शेते कारखान्यांनी भरली. पुढे १९९९ साली बजाजचा कारखाना चाकणला आला आणि २००९-१० ह्या काळात फोक्सवॅगन व महिंद्रही तेथे आले. आमच्या उमेदवारीच्या दिवसांत नियंत्रण-आलेख चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढीत. पाच नगांची मापे घ्यावयाची, सरासरी काढावयाची, कागदावर ठिपका द्यावयाचा. ठिपका रेषेबाहेर पडला की कागद हातात धरूनच यंत्राकडे धावावयाचे.

पुढे संगणक आला आणि पेन्सिल गेली. १९७९ साली व्हिजिकॅल्क नावाची पहिली लोकप्रिय गणकपत्रिका निघाली; मायक्रोसॉफ्टची एक्सेल १९८५ साली मॅकिंटॉशसाठी व १९८७ साली विंडोजसाठी आली. मिनिटॅबसारखी खास संख्याशास्त्राची पॅकेजे मोठ्या कारखान्यांत आहेत. ते पॅकेजही जुने. १९७२ साली पेनसिल्व्हेनियातील विद्यापीठात शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी रचलेले. परंतु भोसरीच्या गल्लीबोळांतील लहान कारखानदार मिनिटॅबच्या वाटेस क्वचितच जातो. त्याचा सारा संसार एक्सेलवर. म्हणून आम्ही एक्सेलविषयीच बोलणार आहोत.

नव्या सोयींत प्रथम एका जुन्या मर्यादेची गोष्ट सांगतो, कारण ती मर्यादा अजूनही माणसांना फसविते. एक्सेलच्या पूर्वीच्या फायलीत ६५,५३६ ओळी मावत. २००७ च्या आवृत्तीत त्या १०,४८,५७६ झाल्या. आपण म्हणाल, एवढ्या ओळी हव्यात कोणास? इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडच्या साथीत प्रयोगशाळांकडून आलेले अहवाल जुन्या नमुन्याच्या फायलींत भरले जात होते. ओळी संपल्या, आणि त्यांपुढची माणसे निमूटपणे गळाली. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर ह्या आठवड्यात १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकड्यांत आलीच नाही आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. नवी आवृत्ती निघून तेरा वर्षे झाली होती! फायलीचा नमुना मात्र जुनाच राहिला होता. आपल्या तरुणांना आमची विनंती आहे की, माप घेणाऱ्या यंत्रातून निघणारी फाइल कोणत्या नमुन्यात जतन होते, हे उद्याच पाहून घ्यावे.

दुसरी एक खोड अशी की, आपण लिहिलेले बदलून टाकावयाचे. सुट्या भागाचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर एक्सेल ते शून्य खाते. क्रमांक ४७, मग रोमन 'ई', मग ३ असा असेल तर ती त्यास सत्तेचाळीस हजार समजते. शास्त्रज्ञांचीही हीच तक्रार होती. काही जनुकांची संक्षिप्त नावे महिन्यांच्या नावांसारखी असल्यामुळे त्यांच्या तारखा होत, आणि शेवटी २०२० साली नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलून घेतली. शहाण्यांनी यंत्रापुढे हात टेकले, असेच म्हणावयाचे. २०२३ साली मात्र हे आपोआप होणारे बदल बंद ठेवण्याची मुभा एक्सेलच्या मांडणीत देण्यात आली. ही सोय कोणी जाहिरातीत मिरवीत नाही. आमच्या मते गेल्या दहा वर्षांतील अत्यंत उपयुक्त सोयींपैकी ती एक आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. २०१६ च्या आवृत्तीत दोन गोष्टी अंगभूत झाल्या. पहिली, पॉवर क्वेरी. एखाद्या कप्प्यात रोजची एक अशा शेकडो फायली पडल्या असतील तर त्या सर्व एकत्र शिवून, रिकाम्या ओळी गाळून, रकाने सारखे करून एकच सलग तक्ता बनवून देणारी ही व्यवस्था. आपण एकदा जी कृती करून दाखवू ती पायरीपायरीने लक्षात ठेवते आणि दुसऱ्या दिवशी नवी फाइल पडली की तीच कृती पुन्हा करते. दुसरी गोष्ट, नवे आलेख. त्यांत हिस्टोग्राम, ज्यास शाळेच्या पुस्तकात आयतालेख म्हणतात, आणि जॉन ट्यूकी ह्यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेला पेटी-आलेख, हे दोन आमच्या कामाचे. त्यापूर्वीही हे काढता येत होते. परंतु त्यासाठी इतक्या आडवळणांनी जावे लागे की, कोणी त्या वाटेस जात नसे. आम्हीही गेलो नव्हतो. आम्ही दरमहा सरासरीचे बारा रंगीत खांब काढून ग्राहकाकडे पाठवीत होतो आणि समाधानी होतो.

येथे आमच्या कारखान्यातील एक हकिगत सांगणे प्राप्त आहे. ज्याच्याविषयी ती आहे त्या मुलाच्या संमतीनेच सांगत आहोत.

आमचा एक शाफ्ट पंचवीस मिलिमीटर व्यासाचा. व्यास कमाल बरोबर २५.००० आणि किमान २४.९७९, म्हणजे एकवीस मायक्रॉनांची मोकळीक. काम मंजूर होताना ताजे ड्रेसिंग केलेल्या चाकावर काढलेल्या नगांचा क्षमता-निर्देशांक आम्ही ग्राहकास दाखविला होता व तो १.६७ च्या वर होता. त्यानंतर दोन वर्षे खांब. आमच्या धाकट्या सूनबाई हिंजवडीस नोकरी करतात. एका दिवाळीच्या सुट्टीत कारखान्याच्या नव्या संगणकावर नवे एक्सेल घातले होते, ते त्या पाहत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "बाबा, रोजच्या ह्या सगळ्या फायली कधी एकत्र पाहिल्यात का?" आम्ही नाही म्हणालो. दोन वर्षांच्या फायली त्यांनी अर्ध्या तासात एका तक्त्यात आणल्या आणि त्यांचा हिस्टोग्राम काढला.

पहिले चित्र निरुपद्रवी होते. एक उंचवटा, उजवीकडे थोडा झुकलेला. त्याचे कारण एवढेच की, आकड्यांचे कप्पे किती रुंद धरावयाचे हे एक्सेल एका सूत्राने आपणच ठरविते, आणि त्या रुंद कप्प्यांत बारीकसारीक सारे लपते. सूनबाईंनी कप्प्याची रुंदी एक मायक्रॉन केली. मग जे दिसले ते आम्ही जन्मात विसरणार नाही. डावीकडून हळूहळू चढत आलेली टेकडी २४.९९९ आणि २५.००० ह्या दोन खांबांपाशी एकाएकी आकाशात गेली होती. आणि त्यापुढे, २५.००१ वर, २५.००२ वर, जवळजवळ काहीच नव्हते. सह्याद्रीचा कडा जसा कोकणात सरळ उतरतो तसा तो आलेख रेषेवर तुटला होता.

ज्यांनी ग्राइंडिंग केले आहे त्यांना हे सांगावयास नको की, चाक झिजत जाते तसतसा शाफ्टचा व्यास वाढत जातो. मग हिऱ्याने ड्रेसिंग करावयाचे, सरकपट्टी थोडी पुढे घ्यावयाची, की व्यास पुन्हा खाली येतो. म्हणून वेळेच्या क्रमाने ठिपके मांडले तर करवतीच्या दात्यांसारखी रेघ दिसावयास हवी. सूनबाईंनी तीही काढली. दाते होते, परंतु कित्येक दात्यांची टोके छाटलेली होती. रेघ चढत चढत २५.००० पाशी पोहोचे, तेथे आडवी होई, दहाबारा ठिपके तशीच आडवी जाई, आणि मग ड्रेसिंग झाल्यावर खाली येई. चाक रेषेपाशी येऊन झिजायचे थांबते, असे कोणते चाक आहे?

मग पेटी-आलेख काढला. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीच्या तीन पेट्या शेजारी शेजारी. पहिल्या आणि तिसऱ्या पाळीच्या पेटीतून वर निघालेल्या मिशा रेषेच्या किंचित बाहेर गेल्या होत्या, जशा कोणत्याही प्रामाणिक यंत्राच्या कधीमधी जातात. दुसऱ्या पाळीची मिशी रेषेवर कापलेली होती. (जाताजाता सांगतो, पेटीची कड कोठे धरावी ह्याचे दोन संकेत आहेत, आणि एक्सेल व इतर पॅकेजे ह्यांच्या पेट्या थोड्या नगांवर काढल्या तर जुळत नाहीत. तेवढ्यावरून भांडू नये.)

दुसऱ्या पाळीचा तपासनीस आपल्या ज्ञातीतीलच. आमच्या शिफारशीने आलेला, ह्याच संस्थेच्या निधीतून शिकलेला, आणि ज्याचे वडील आमचे बालमित्र, असा मुलगा. ती संध्याकाळ आम्ही फार अस्वस्थ होतो. दुसऱ्या दिवशी त्यास केबिनमध्ये बोलावून आलेख पुढे ठेवला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, मी खोटं लिहिलेलं नाही."

आम्ही संतापलो होतो, परंतु सुदैवाने त्यास बोलू दिले. तो म्हणाला, "जॉब मशीनवरनं येतो तेव्हा गरम असतो. गरम जॉब मोठा दिसतो. २५.००२ आला तरी गार झाल्यावर आत येणार, हे मला माहीत असतं. म्हणून मी २५.००० लिहितो."

मंडळी, हे अज्ञानाचे बोलणे नव्हे. मापांसाठी जगभर वीस अंश सेल्सिअस हे तापमान प्रमाण मानलेले आहे. पंचवीस मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट एक अंश तापला तर सुमारे पाव मायक्रॉनहून थोडा अधिक फुगतो. सात अंशांस दोन मायक्रॉन होतात. शीतक-द्रव उन्हाने तापलेला, वर पत्रा, मे महिन्यातील दुपारची पाळी, अशा स्थितीत त्याचे म्हणणे हिशेबात बसत होते. आम्ही त्याच दिवशी वीसएक नग काढून, गरम असतानाचे माप लिहून, ते वातानुकूलित खोलीत रात्रभर ठेवले आणि सकाळी पुन्हा मोजले. काही आत आले. काही आले नाहीत. एक तर २५.००३ वर ठाम राहिला. म्हणजे मुलाची दुरुस्ती कधी खरी होती आणि कधी खोटी, आणि त्याने ती मनात केल्यामुळे कोणती खरी व कोणती खोटी हे सांगणारा पुरावाच वहीत उरला नव्हता.

"असेल," आम्ही म्हणालो, "पण मग गरम माप जसे आहे तसे लिहून शेजारी 'गरम' असा शेरा का दिला नाहीस?"

त्यावर तो गप्प राहिला. मग खाली पाहत म्हणाला, "बाहेरचा आकडा लिहिला की मशीन थांबवावं लागतं. मशीन थांबलं की पाळीचा भत्ता जातो. सगळ्यांचा जातो, काका. मग जेवायला कोणी शेजारी बसत नाही."

भत्त्याचा तो नियम आम्ही केला होता. आमच्या सहीनिशी तो सूचनाफलकावर चिकटविलेला होता. यंत्र बंद पडल्यास त्या पाळीचा उत्पादन-भत्ता नाही. आणि कारण कोणतेही असो, असेही आम्हीच खाली लिहिले होते. कामचुकारांस आळा बसावा हा हेतू. हेतूविषयी आज वाद घालण्यात अर्थ नाही. दोन वर्षे आमच्या नियमाने एका सरळ मुलाकडून रेषेवर आकडे लिहवून घेतले होते. पहिल्या आणि तिसऱ्या पाळीचे तपासनीस वयाने मोठे, युनियनचे जुने सभासद. त्यांस कोणी वाळीत टाकीत नसे. मुलगा नवा होता, आणि मालकांच्या ओळखीने आलेला. म्हणजे त्यास दुप्पट भीती.

आम्ही मोशी, कुरुळी मागे टाकून चाकणला ग्राहकाकडे गेलो आणि आलेख त्यांच्यापुढे ठेवला. न जाताही चालले असते असे आम्हांस दोघा-तिघा हितचिंतकांनी सांगितले. एकही नग परत आलेला नव्हता. पण शाफ्टवर बेअरिंग बसते, आणि ते दाबून बसविणारा कामगार कोणत्या नगाशी झगडला हे आम्हांस कोणी कळविणार नव्हते. त्यांचे अधिकारी येऊन गुदामातील सर्व माल पुन्हा मोजून गेले. खर्च आमचा. एका नव्या भागाचे काम आम्हांस मिळावयाचे होते, ते दुसऱ्याकडे गेले. हे तक्रार म्हणून सांगत नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर तेच केले असते. मुलाच्या वडिलांनी मात्र आमच्याशी सहा महिने अबोला धरला. "पोराला चारचौघांत चोर ठरवलंत," असे त्यांनी निरोप देऊन कळविले. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा आलेखाचा कागद आणि फलकावरून काढलेला आमच्या सहीचा कागद असे दोन्ही बरोबर नेले. त्यांनी दुसरा कागद वाचला, चष्मा काढला, आणि वहिनींना चहा ठेवावयास सांगितले.

आता उरलेल्या सोयींविषयी थोडक्यात. २०१९ पासून पुढच्या काळात शोधण्याची, गाळण्याची व क्रम लावण्याची नवी सूत्रे आली. ती शिकण्यास एक रविवार पुरेल. ऑगस्ट २०२३ मध्ये एक्सेलच्या चौकटीतच पायथॉन ही संगणकभाषा वापरण्याची घोषणा झाली, व सप्टेंबर २०२४ मध्ये ती सोय विंडोजवरील व्यावसायिक वर्गणीदारांस खुली झाली. सोय मोठी आहे. परंतु हे गणित आपल्या टेबलावरील संगणकात होत नाही, मायक्रोसॉफ्टच्या दूरच्या संगणकांत होते, हे ध्यानात असू द्यावे. ग्राहकाची मापे आणि आराखडे गुप्त ठेवण्याच्या करारावर आपण सह्या केलेल्या असतात. तेव्हा आधी विचारावे, मग पाठवावे. साध्या भाषेत प्रश्न विचारला असता आलेख काढून देणारा कोपायलट नावाचा मदतनीसही आता आला आहे. आम्ही तो वापरून पाहिला. सरासरी विचारली की तो सुरेख सरासरी काढून देतो. पाळीवार पेट्या काढ, असे त्यास सांगावे लागते, आणि पाळीवार पाहावे हे ज्याच्या मनात येईल तोच तसे सांगेल.

उलट, ज्याची आम्हांस सर्वाधिक आशा होती तो शूहार्टचा नियंत्रण-आलेख एवढ्या आवृत्त्यांनंतरही एक्सेलच्या आलेखांच्या यादीत आयता नाही. सूत्रे मांडून आपणच बांधावा लागतो. शंभर वर्षांची जुनी आकृती ती; तिला जागा नाही, आणि सूर्यफुलासारख्या वर्तुळांच्या आलेखास आहे! ह्यामागे काय विचार असेल तो असो.

खर्चाचा प्रश्न लहान कारखानदारांस सतावतो. पूर्वी आज्ञावली एकदा विकत घेतली की आपली होई. आता नव्या सोयी प्रथम वर्षाच्या वर्गणीवर मिळतात, आणि वर्गणी थकली की हात आखडतात. २०१६ च्या आवृत्तीस निर्मात्यांनी देऊ केलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्यातील आलेख त्यामुळे बंद पडत नाहीत, परंतु सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येणे थांबले आहे. ज्यांस वर्गणी परवडत नाही त्यांनी लिब्रेऑफिस अथवा 'आर' ही विनामूल्य साधने पाहावीत. चोरून घातलेली प्रत मात्र कारखान्यात ठेवू नये. ग्राहकाचे तपासणी-पथक येते तेव्हा ते केवळ शाफ्ट पाहत नाही.

आमच्या कारखान्यात आता भत्त्याचा तो नियम नाही. मापासाठी नग आधी एका लोखंडी पाटावर ठेवून निववितात, आणि वहीत 'तापमान' असा एक रकाना वाढला आहे. रेषेबाहेरचा आकडा लिहिला तर ड्रेसिंग लगेच होते; यंत्र सुमारे दहा मिनिटे थांबते. पहिल्या महिन्यात रेषेबाहेरचे आकडे एवढे दिसू लागले की, आमच्या सुपरवायझरांस वाटले, यंत्रच बिघडले. यंत्र होते तसेच होते. त्या मुलानेच पुढे सुचविले की, ड्रेसिंग ठराविक नगसंख्येनंतर करावे, व्यास रेषेपाशी येण्याची वाट पाहू नये. किती नगांनंतर, हे त्याने दात्यांच्या त्याच रेघेवरून मोजून काढले. ती संख्या आता यंत्रावर रंगाने लिहिली आहे.

संस्थेच्या सभागृहातील मागच्या खोलीत दोन संगणक आहेत, ते बहुधा झाकूनच असतात. अध्यक्षांनी परवानगी दिल्यास पुढील महिन्यापासून दर रविवारी सकाळी आमच्या सूनबाई आणि तो मुलगा तेथे बसतील. ज्या मुलामुलींना यावयाचे असेल त्यांनी स्वतः घेतलेली मापे आणावीत. कारखान्याची परवानगी नसेल तर घरच्या गव्हाच्या दाण्यांची लांबी मोजून आणली तरी चालेल. मायक्रोमीटर ज्याचा त्याने आणावा. आमचा एकच आहे, आणि तो आम्ही देत नाही.